गावी गेलेली तीन माणसं

माझा जन्म भिंगारचा. बाप मिशनच्या शाळेत घंटा द्यायचा, म्हनून मला लिहायवाचायला आलं, आन् त्या लिहिन्यावरच दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत छावनीतल्या डाक्टरसायबाकडं मला काम लागलं. सायब फ्लूच्या तापाचा शोध करायचा. काय सांगू तुला बाळा, कोंबडीच्या अंड्याला बारीक भोक पाडायचं, आजाऱ्यानं गुळनी केलेलं पानी सुईनं आत सोडायचं, वर मेन लावायचं आन् आत रोगाचं बी वाढावं म्हनून उबेच्या पेटीत ठिवायचं, ते समदं माझ्या हातनं हुयाचं. कोन खोकतं, कोनाला किती ताप, ते बी कच्च्या वहीत मीच लिहायची. लई आवडायचं मला ते काम, खोटं कशाला बोलू.

मग सायबानं लस केली आन् छावनीतल्या माळ्यांना, पानी भरनाऱ्या भिस्त्यांना टोचायला घेतली. माझा नवरा याकोब तिथंच माळी हुता. त्या दिवशी त्याचं अंग तापलेलं. मी म्हनलं, सायब, ह्याला ताप हाय, आज नको. सायब म्हनला, यादीत नाव आहे, हात धर. आन् मी धरला, माझ्या नवऱ्याचा हात मीच धरला. चौथ्या दिवशी छाती भरून याकोब गेला. लशीनं गेला का तापानं, मला सांगता यायचं न्हाई. पन पक्क्या वहीत सायबानं मला लिहायला लावलं, गावी गेला. लस टोचलेले असे तिघं मेले, आन् वहीत तिघं गावी गेले. मी लिहिलं, आन् तिघं मेल्याची खरी नोंद असलेली कच्ची वही घरी नेऊन बाजरीच्या डब्यात दडवली.

दोन वर्सं सायबाची अंडी उबवली, तोंडातनं शब्द काढला न्हाई. वाट बघत हुते. मग मुंबईचे मोठे डाक्टर तपासायला आले, आन् सायब त्यांना हसत हसत सांगायला लागला, लस टोचलेला एकही माणूस दगावला नाही. मी कच्ची वही त्यांच्या म्होरं ठिवली आन् तिघांची नावं मोठ्यानं वाचली, याकोबचं शेवटी. सायब म्हनला, मार्था, हे काय करतेस. मी म्हनलं, गावी गेलेली मानसं परत आनली, सायब.

त्याचा शोध तिथंच बुडाला, नोकरी बी गेली. निघाला त्या दिवशी त्याचा टांगा दिसंनासा हुईस्तोवर मी फाटकात उभी हुते. बरं वाटलं, लई बरं वाटलं.

आता म्हातारी झाले. चर्चचे पाळक म्हनत्यात, मार्थाबाई, माफ करा त्याला. मी समद्यांसाठी प्रार्थना करते, त्याच्यासाठी व्हट हलत न्हाईत. देव तुला सुखी ठिवो बाळा, पन हे लिहून घेताना माझं बोलनं मऊ करू नको.