सहा संदर्भांचा आहेर

सुमतीबाई : तर ऐक. सकाळी तू उठली, अंथरूण आवरलं, पेपर आला तो न वाचताच उशीखाली ठेवला. कूलरमध्ये पाणी टाकलं अन् कूलर चालूच नाही केला. दूध गॅसवर ठेवलं अन् समोर उभी राहून उतू जाऊ दिलं. मंग दातांचा ब्रश घेऊन या लॅपटॉपसमोर बसली, ते आतापर्यंत. ब्रश अजून हातातच आहे वं!

शामला : आई, मी विचार करते आहे.

सुमतीबाई : ते दिसून राहिलं मले. काहून करून राहिली, ते विचारलं. प्रोफेसर व्हायचा अर्ज आज टाकायचा आहे ना?

शामला : अर्ज पुढच्या वर्षी. आज फक्त पेपर पाठवायचा आहे. हत्तीरोगाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती त्या कृमींना इतकी वर्षं मुकाट्याने का सांभाळून घेते, त्यावरचा. चार वर्षांचं काम आहे.

सुमतीबाई : मंग पाठव.

शामला : त्यात गिरिधर सरांचे सहा पेपर संदर्भ म्हणून घालायचे आहेत. सर विभागप्रमुख आहेत, त्यांचाच आग्रह. मी त्यांचे घातले, की त्यांची माणसं पुढच्या पेपरांत माझे घालतील. आपल्या कामाचा उल्लेख दुसऱ्यांनी किती वेळा केला, ते प्रोफेसर निवडणारी समिती मोजते. माझा आकडा कमी पडतो आहे.

सुमतीबाई : म्हणजे आहेर झाला. त्याईनं आपल्या पोरीले साडी दिली, आपण त्याईच्या पोरीले द्यायची. यात ब्रश धरून बसण्यासारखं काय आहे?

शामला : सरांचे पेपर कोंबड्यांच्या लसीवर आहेत.

सुमतीबाई : तर मंग? जिजामावशीनं आणलेली कोणती साडी नेसण्यासारखी असते? घेतोच ना आपण!

(फोन वाजतो. शामला तो स्पीकरवर ठेवते.)

गिरिधर सर : नमस्कार, मॅडम. झाले का आपले ते सहा?

शामला : रात्री घातले, सर. पण कोणत्या वाक्याला जोडावेत, ते समजत नाही.

गिरिधर सर : प्रस्तावनेत हो! प्रस्तावनेत सगळं सामावतं. 'प्रतिकारशक्ती हा अत्यंत महत्त्वाचा विषय आहे' असं एक वाक्य लिहा आणि त्याच्या शेपटीला सहाही बांधा. माझ्या मागच्या पेपरात त्या वाक्याला एकोणीस बांधले आहेत.

शामला : वाचलं, सर. वाक्य एका ओळीचं आहे आणि संदर्भ तीन ओळींचे.

गिरिधर सर : अभ्यासपूर्ण दिसतं.

सुमतीबाई : बरोबर आहे सरांचं. लग्नाच्या पत्रिकेत नाही का, साऱ्या काका-मामांची नावं टाकतो आपण? कोणी रुसायले नको.

गिरिधर सर : कोण, आई का? नमस्कार, नमस्कार! अगदी मुद्द्याचं बोललात.

शामला : पण सर, त्या नियतकालिकाची मर्यादा चाळीस संदर्भांची आहे. आपले सहा धरून शेहेचाळीस होतात.

गिरिधर सर : मग सहा काढा.

शामला : कोणते?

गिरिधर सर : परदेशातले. ते काही आपल्या समितीवर येणार नाहीत. ती ब्राझीलची कोण बाई आहे, तुम्ही दाखवलेल्या मसुद्यात तिच्या एकटीचेच चार दिसतात मला.

शामला : उन्हाळ्यात रक्ताचे नमुने टिकवायची रीत तिची आहे, सर. मे महिन्यात वीज गेली की आपल्याकडे पेशी मरून जायच्या. तिचं वाचलं म्हणून काम पुढे सरकलं.

गिरिधर सर : सरकलं ना? मग आता तिचं काय काम? इतकं हळवं होऊन चालत नाही. आजच पाठवा. आगाऊ अभिनंदन! ठेवतो.

सुमतीबाई : ही ब्राझीलवाली ओळखते तुले?

शामला : नाही.

सुमतीबाई : फोनवर तरी?

शामला : कधीच नाही. पण गेल्या वर्षी तिनं माझा एक निष्कर्ष तिच्याकडच्या रुग्णांवर तपासून पाहिला, आणि लिहिलं, की नागपूरच्या ढोमणे म्हणतात ते इथंही खरं निघालं.

सुमतीबाई : न ओळखता?

शामला : न ओळखता.

सुमतीबाई : पत्रिका नसताना आहेर पाठवला म्हणजे बाईनं. अन् तिचंच नाव काढा म्हणते हा माणूस?... पण शामला, मी जिजाले सांगून बसली आहे, तू प्रोफेसर झाली म्हणून. तिनं नरखेडात पेढे वाटले.

शामला : झाली म्हणून? आई, अजून अर्जसुद्धा नाही केला मी!

सुमतीबाई : होणारच होती. मी जरा आंधी सांगितलं.

शामला : आता पुढच्या वर्षी बहुधा नाही होणार. सर समितीवर नसतात, पण समितीच्या शेजारी बसून चहा घेतात.

सुमतीबाई : मंग कधी?

शामला : तीन-चार वर्षं. कदाचित त्याहून उशिरा. खरं सांगायचं तर ठाऊक नाही.

सुमतीबाई : सर रुसतीन?

शामला : रुसतील.

सुमतीबाई : तुया लग्नात मोठे काका रुसले होते, नाव खाली छापलं म्हणून. जेवले मात्र दोन वेळा. ... काय करून राहिली तू?

शामला : कोंबड्या काढते आहे.

सुमतीबाई : साऱ्या?

शामला : साऱ्या. हे बघ, चाळीस राहिले.

सुमतीबाई : अन् ती बाई?

शामला : आहे. चारही ठिकाणी.

सुमतीबाई : बरं.

शामला : पाठवला.

सुमतीबाई : झालं? मले वाटलं, काही वाजन.

शामला : नाही, आई. काहीच वाजत नाही.