वादीला पाणी आलं तो दिवस

आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी, बा गलबतावर तांडेल होता, मी त्याचा थोरला, याकूब, आणि माझ्यामागे एकच बहीण, जैनब. बा गेला तेव्हा ती नऊ वर्षांची, म्हणजे तिला भाऊ मीच आणि बापही मीच. मी मुंबईला गोदीत लॉरी चालवायला शिकलो, मग कुणी म्हणालं दुबईला ड्रायव्हर पाहिजेत, तर बोटीच्या डेकवर बसून आलो, साठ सालानंतरची गोष्ट. काय सांगू तुम्हाला, आज दुबईच्या या करामा वस्तीत बसून आपण चहा पितोय ना, तिथे तेव्हा नुसती वाळू होती, आणि रस्ता म्हणजे पुढे गेलेल्या लॉरीच्या चाकांची खूण, बस, खलास.

जैनबचं लग्न मीच लावून दिलं, आमच्याच गावच्या शरीफशी. शांत माणूस, कुणाला उलट बोलायचा नाय. वर्षभरात मी त्याला इकडे बोलावून घेतला, माझ्याच लॉरीवर क्लीनर म्हणून. जैनबला तेव्हा सहावा महिना होता. मुलगी झाल्याचं पत्र इथे आलं तेव्हा त्याने ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

तर त्या थंडीत आम्ही सिमेंट घेऊन रास अल खैमाच्या डोंगरात निघालो. तिकडे वादीतून जायचं, वादी म्हणजे डोंगरातून येणारी कोरडी नदी, वर्षातले सगळे दिवस नुसते गोटे, पाणी नाय, म्हणून तोच रस्ता. दोन दिवस आभाळ भरलेलं होतं आणि वारा असा की स्टिअरिंग धरायला बोटं वळत नव्हती. दुपारी मागचं चाक गोट्यांत रुतलं. खाली आमच्यावर नुसती बुरबुर होती बघा, एवढीशी, पण वर डोंगराचा माथा दिसत नव्हता, तिथे काळं झालं होतं.

तेवढ्यात काठावरून एक डोंगरी माणूस शेळ्या घेऊन वर चालला होता, राशिद त्याचं नाव, ते मला नंतर कळलं, हातात लांब दांड्याची लहान कुऱ्हाड. तो कुऱ्हाड हलवून ओरडायला लागला, सेल, सेल, यल्ला, फोग. यल्ला म्हणजे चला, फोग म्हणजे वर, एवढं अरबी मला येत होतं. सेल म्हणजे पूर, ते शरीफला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी ते ऐकलं, आणि शरीफला म्हटलं, सिमेंट भिजलं तर मालक मला ठेवणार नाय, आधी ताडपत्री आवळून बांध, मग ये. तो म्हणाला बरं भाईजान, आणि चढला गोण्यांवर. मी चाकाला लावायला मोठा दगड बघत काठाकडे गेलो.

आवाज आधी आला. दगडावर दगड आपटल्याचा, लांबून. मी मागे न बघता काठ चढलो, हातापायांवर, जनावरासारखा. वळून बघितलं तर पाणी लॉरीच्या बॉनेटला लागलेलं, चहासारखं लाल, आणि त्यात अख्खी झाडं. लॉरी थोडा वेळ उभी राहिली. तेवढा वेळ होता, साहेब. शरीफ गोण्यांवर बसलेला, ताडपत्रीची दोरी हातात, आणि त्याने मला विचारलं, भाईजान, आता काय करू? मी त्याला नेहमी सांगायचो काय कर, गियरचं सांगायचो, नमाजाचं सांगायचो, बायकोला पत्रात काय लिहायचं तेही सांगायचो. तेव्हा मी नुसता त्याच्या हातातल्या दोरीकडे बघत राहिलो. मग लॉरी कलंडली.

लोक नंतर म्हणायचे राशिदने तुला कमरेला धरून ठेवलं म्हणून तू उडी मारली नाय. धरलं होतं त्याने, खोटं नाय. पण मी उडी मारतच नव्हतो.

राशिदने मला वर त्याच्या दगडी घरात नेलं, विस्तवाजवळ बसवलं. सकाळी बाहेर आलो तर अख्खा माथा पांढरा. मला वाटलं माझे डोळे गेले. आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता मी, त्या लोकांनीही कधीच नाय, राशिदच्या म्हाताऱ्या आईने म्हणे लहानपणी एकदा पाहिला होता. बायका परातीत भरून आणत होत्या, हसत होत्या, खजूर लावून खात होत्या. आणि मी त्यांच्यावर रागावलो, मनातल्या मनात, की खाली माझा माणूस पाण्यात आहे आणि तुम्ही हसता. राशिदने माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना आत जायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी शरीफ खालच्या खजुरीच्या बागेत सापडला. तिथल्या लोकांनी त्याला घुसल दिला, म्हणजे शेवटची आंघोळ घातली, स्वतःचं नवं कापड कफनाला दिलं, तिथेच बागेमागे दफन केला.

आता जे सांगतो ते नीट लिहा. मी जैनबला पत्र लिहिलं, की पूर येतोय म्हणून मी हाक मारली, पण शरीफने ऐकलं नाय, ताडपत्री बांधायला तोच परत चढला. असं लिहिलं मी. बारा वर्षं तेच चाललं. सुट्टीवर गेलो की जैनब शेजारणींना सांगायची, हट्टी होता, माझ्या भावाचं ऐकलं असतं तर पोरीला बाप दिसला असता. मेलेल्या नवऱ्यावर रागवायची ती, माझ्यासमोर, आणि मी खाली मान घालून जेवायचो.

एका सुट्टीत नाय सहन झालं. ती अंगणात सुकट उलटत होती, मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाय. फक्त म्हणाली, म्हणजे त्याने ऐकलं होतं तुझं. आणि सूप घेऊन आत गेली.

मग सहा वर्षं बोलली नाय. पत्र नाय, ईदचा सलाम नाय. तिच्या मुलीचा निकाह ठरला तेव्हा एक ओळ आली, मुलीचा वली व्हायला कुणी नाय, तू ये. गेलो. बापाच्या जागी बसलो. माफ केलं असं ती म्हणाली नाय, मीही विचारलं नाय.

मागच्या थंडीत माझ्या मुलाने तिला व्हिजिट व्हिसावर आणलं. आता त्या डोंगरापर्यंत डांबरी रस्ता आहे, लोक वर गार हवा खायला जातात. आम्ही बागेशी थांबलो. माझी नात मला दादा म्हणते, ती म्हणाली, दादा, हू इज देअर? म्हटलं, तुझे आजोबाच ते, या जैनब फुप्पीदादीचे शोहर. जैनबने मला लांब उभं राहायला सांगितलं. कबरीपाशी बसून ती त्याच्याशी बोलत होती, तासभर, हातवारे करून, मध्येच एकदा हसली. काय बोलली ते तिचं तिला ठाऊक. मग उठली, गुडघे धरत माझ्यापर्यंत आली, म्हणाली, याकूब, चल, भूक लागली.

गेली आता गावाला. शुक्रवारी फोन करते, गुडघ्याचं सांगते, मी माझ्या साखरेचं सांगतो. राशिदच्या घरच्यांना अल्लाने बरकत द्यावी, तुमच्या पोराबाळांना सुखरूप ठेवावं. माझा हिशेब त्याच्यापाशी आहे, तो काय करायचं ते करील. घ्या, चहा निवला तुमचा.