चौथी हजेरी

म्हादेव टांगेवाला कोण हाय बे, बाहेर निघ, वारंट हाय तुह्या नावाचं, असा हवालदार आमच्या दारात वरडला, आन् काय सांगू तुम्हाले, त्या आवाजानं आमच्या महाल मोहल्ल्यातली कबुतरं उडाली ते थेट कामठीत जाऊन बसली. घरात माह्या सुशीलेले पाहाले कन्हानचे पाहुणे आले होते, पोरगा, त्याची माय आन् बाप. बाप कोळशाच्या खाणीतला, आल्यापासून चार शब्द बोलला नव्हता. त्याच्या हातातला पोह्याचा घास हातातच राह्यला. टांगेवाल्याची पोरगी म्हणून आधीच तीन ठिकाणं मोडली होती, आन् आता तं बापाच्या नावाचं वारंट.

मी मूळचा खाप्याचा. चालाले शिकायच्या आधी बापानं मले घोड्यावर बसवलं, म्हणून अजून माही चाल अशी वाकडी. नागपुरात आलो तवा संग ही राणी घोडी. अशी हुशार का शिपायाची शिट्टी ऐकली का आपल्या मनानं थांबे, आन् तिच्याच हुशारीनं मी फसलो. टांग्याले परवाना चार सवारीचा, पण महालातून इतवारीले जाताना चारच कोण घेते जी? त्या दिवशी सहा होते आन् एक बकरी. शिट्टी वाजली, राणी थांबली. शिपायानं बकरी बी मोजली. चलान झालं, कोर्टाची तारीख भेटली.

आता आमच्या टांग्याच्या अड्ड्याचा एक रिवाज होता. सगळेच कोर्टात जाऊन बसले तं घोडे काय खातीन? म्हणून पाळी लावलेली. ज्याची पाळी त्यानं सगळ्यायचा दंड संग न्यायचा, आन् नाव कोणाचंही पुकारलं तरी उठून हाजिर साहेब, गुन्हा कबूल म्हणायचं. वर्षं गेली, कोणाच्या ध्यानात नाही आलं. त्या बारीले पाळी गुलाबची, माह्या दंडाची पाचाची नोट मी त्याच्या हाती ठेवली. गुलाब माहा जिगरी दोस्त, आन् मिशा अशा का दोन टोकावर दोन पोपट बसावे. पहिलं नाव त्याचं, उठला. दुसरं बाबूचं, उठला. तिसऱ्या नावाले उठला तं मॅजिस्ट्रेटसाहेबानं चष्मा काढला आन् मिशाकडं पाहून राह्यले. चौथं नाव माहं. गुलाब मिशा हातानं झाकून बसून राह्यला, उठलाच नाही. गैरहजर लिहिलं गेलं.

आन् हा गडी शरमेनं मले म्हणे, झालं गा, भरला तुहा दंड. मग एक कागद घरी आला, तो होता समन्स. मले वाचता येते कुठी? मी म्हणलं पावती असंन, बायकोले म्हणलं जना, जपून ठेव वं. तिनं देवाजवळ ठेवला, रोज हळद-कुंकू वाहे त्याले.

तं हवालदार दारात, आन् पाहुण्यायले पाणी देऊन राह्यला गुलाब. वारंट म्हणताच त्याच्या हातातला तांब्या पडला. तवाच मले उमगलं का यानं माहा दंड भरलाच नाही. जना हळूच म्हणे, मांगच्या दारानं निघा, मी सांगतो घरी नाहीत म्हणून. मी जलमभर फेका मारल्या जी, खोटं कशाले बोलू, पण पोरीचं लगन फेकेवर नाही जमवायचं. म्हणलं, म्हादेव मीच. पाहुण्यायले सगळं सांगितलं, बकरीसकट. खाणीवाला बाप उठला, चला म्हणे.

हवालदारानं आधी पोहे खाल्ले. मग माह्याच टांग्यात कोर्टाले निघालो, हवालदार, गुलाब आन् तिघं पाहुणे. पाच झाले. हवालदार मोजायच्या भानगडीत पडला नाही.

साहेबानं इचारलं, तारखेले काहून नाही आला? मी म्हणलं, साहेब, आलो होतो, गुलाबच्या रूपात. साहेबानं मिशा वळखल्या. गुलाबले असा झापला का छताचा पंखा थांबला. मले पंधरा रुपये दंड, नाही भरला तं सहा दिवस साधी कैद. घरचे पैसे पाहुणचारात गेलेले. गुलाबनं पागोट्यातून माही जुनी पाचाची नोट काढली, त्यानं खर्चलीच नव्हती. पाच भरले म्हणून दोन दिवस कमी झाले. खाणीवाल्यानं दहाची नोट पुढं केली. मी हात जोडले, म्हणलं, पोरीच्या सासरचा पैसा मी नाही घेत. म्हणून तं टाकलं, पण सासर अजून झालं कुठी होतं?

चार दिवस जेलात राह्यलो. जेलरसाहेब रोज घोड्याच्या दुखण्याचा सल्ला घ्यायले येत, अर्धं जेल मीच चालवलं समजा. पण भाकर गोड लागली नाही. माह्यापायी पोरीचं ठिकाण गेलं, हाच घोर.

आता सुशीलेले दोन लेकरं हायेत, कन्हानले सुखात हाय, देव तिले तशीच ठेवो. राणी म्हातारी झाली, तरी शिट्टी ऐकली का कान टवकारते.

पण लगन कसं जमलं ते सांगायचं राह्यलंच. सुटलो त्या दिवशी फाटकासमोर माहा टांगा उभा. लगाम गुलाबच्या हाती, मिशा सफाचट, मी वळखलाच नाही. आन् मांगं तो खाणीवाला बसलेला. मी त्याचे पाय धरायले वाकलो, म्हणलं, मालक, माह्यासारखा जेलातला बाप पाहून तुमी नाही म्हणलं असंन, तुमचं चुकलं नाही.

तो म्हणे, आमी पोरगी पाहाले आलो होतो, तुमाले नाही.