ठराव अजून व्हायचाय

हॅलो?… हां तेजल, अंजलीच बोलतेय… आवाज तुटतोय? थांब, जरा टेकाडावर येते… आता?… हो, हो, सुरगाण्याकडेच आहे अजून, पाड्यावर. ग्रामसभा चाललीय… अगं, सकाळपासून!… माहितीये गं, ठराव आज नाशिकला पोचला नाही तर टाकीचा निधी परत जाणार. साहेब तुझ्या डोक्यावर बसलेत ना?… बसू देत.

भांडण? छे! अगं ऐक ना… आपल्या नकाशात टाकी दाखवलीय ना, नेमका तिथेच यांचा वाघदेव… नाही, देऊळ कुठलं, उघड्यावरचा लाकडी देव. तो मुंबईत बसून नकाशा काढणाऱ्यांना कसा दिसणार?… सगळे म्हणाले, देव हलवू, पाणी तर हवंच. एकटी फुलाबाई नाही म्हणाली… म्हातारी आहे गं, एकटीच राहते.

बहुमत लिहू? अगं, इथे हातच वर करत नाहीत! एकाचंही मन नसेल तर उठायचं नाही, अशी रीत… मग काय, बसले. कुणी तिला समजावलं नाही, दटावलं नाही. कुणीतरी चहा दिला, बायकांनी तिच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली. विचार कर, तेजल. एका बाईसाठी अख्खा पाडा थांबतो! आणि आपली इंदिरानगरची सोसायटीची मीटिंग… हां, त्या फेकाफेकीत मोडलेल्या खुर्च्या!

मग ती आपणहून उठली. वरच्या माळावर गेली न् म्हणाली, "देव हलायचा नाय. टाकी इथं करा." झालं सगळ्यांचं मन… हो, पाणी पोचतं तिथे, बघितलं मी. पण नकाशा बदलायचा म्हणजे… तेच ना! आधी साहेब, मग मुंबई, मग दिल्ली. आणि सही माझी. फाडून खातील मला… नाही गं, ठराव कुठे झालाय अजून?

एक जण राहिलंय ना… मी… हो, मी! म्हणाले, ताई, तू पण सभेत बसली, तुझं काय?… हसू नकोस. इतकी वर्षं वरून आलेलं खाली पोचवतेय. तुला काय वाटतं, असं मला… कुणीच नाही विचारलं गं कधी.

काय?… "हो" म्हणून मोकळी होऊ? तोंडदेखलं हो चालत नाही इथे. ही बघ, फुलाबाई हाक मारतेय… म्हणते, "तुझा मन नाय झाला तं अजून बसू."

नाही गं, रडत नाहीये… साहेबांना काही सांगू नकोस. नकाशा बदलायचाय, ते मीच सांगेन… हो, मीच… ठेव आता. सगळे थांबलेत माझ्यासाठी.