मामांनी नेलेल्या काचा

सल्लागार : आधी तुमचा फायदा मांडू, ताई. ती वही तुम्ही पिशवीतून काढलीच नाहीत, तर कर, व्याज, दंड मिळून नऊ लाख तुमच्या भावाच्या बोकांडी बसतात. त्यातली दमडीही तुमच्याकडे येत नाही. जमेला काय, तर जिवाला गार वाटणं.

बहीण : तेवढं पुरे. मला फार खर्चीक सुख लागत नाही.

भाऊ : ऐकलंत? सख्खी बहीण म्हणे!

बहीण : दुकानातून काढलंस तेव्हा कुठे गेली होती सख्खी? अकरा वर्षं वह्या लिहिल्या मी. आणि तू काचेच्या कारखान्यापासून गिऱ्हाइकांपर्यंत सांगत फिरलास, ‘ताई हिशोबात घोळ घालते.’ मेव्हण्याला माझ्या खुर्चीवर बसवायचं होतं, तर तसं म्हणायचंस.

भाऊ : अगं, ते आत्ता कशाला उकरतेस? अपिलाला आठ दिवस राहिलेत.

सल्लागार : तीस होते. बावीस तुम्ही बहिणीकडे जाऊ की नको यात घालवलेत. बरं, मला नीट कळू दे. तपासणीत अधिकाऱ्याला तीन वर्षांत दोनशे चौदा काचांपुढे एकच शेरा दिसला, ‘मामांनी नेली.’ बिल नाही, पैसे जमा नाहीत. त्याने धरलं, चोरून विकल्या. आता हे मामा राहतात कुठे?

बहीण : कुठेच नाही. आमच्या आईला भाऊच नव्हता.

सल्लागार : आं?

बहीण : काचेच्या दुकानात ‘फुटली’ म्हणायचं नाही, असा आईचा दंडक. ऐकून गिऱ्हाईक बिचकतं म्हणायची. आत खळ्ळकन झालं की ती गल्ल्यावरून ओरडायची, “मामांनी नेली गं!” तिच्यामागे मी वहीतही तेच लिहीत आले.

सल्लागार : म्हणजे मामा म्हणजे तूटफूट! अहो, मग नोटिशीला एका ओळीत उत्तर होतं. तुम्ही काय लिहून दिलंत?

भाऊ : ते... मामा वारले.

सल्लागार : वारले?

भाऊ : मेव्हणा म्हणाला, मेलेल्या माणसाला चौकशीला कोण बोलावतंय?

बहीण : अधिकाऱ्याने मृत्यूचा दाखला मागितला. जन्मलाच नाही त्याचा.

सल्लागार : करापायी माणूस मेलेला पाहिलाय मी. करासाठी मारलेला हा पहिलाच.

भाऊ : हसा तुम्ही. घर गहाण पडेल माझं!

बहीण : त्याला विचारा ना, उत्तरात सरळ तूटफूट का नाही लिहिली. पहिल्या वर्षी मामांनी अठ्ठावन्न नेल्या, दुसऱ्या वर्षी एकसष्ट, आणि तिसऱ्या वर्षी एकदम पंच्याण्णव. मामांची भूक का वाढली, ते सांग की.

भाऊ : ताई...

बहीण : याच्या नव्या घराची बाल्कनी बघितलीत? चाळीस काचा आहेत. मी मोजूनच लिहिल्यात. “मामांच्या नावावर टाक” म्हणाला, टाकल्या. पण या छोट्या वहीत खरं लिहून ठेवलं. कुठली काच, कुठल्या तारखेला, कुणाच्या हातून फुटली. आणि शेवटच्या चार पानांवर बाल्कनी.

सल्लागार : ही वही दिलीत तर एकशे चौऱ्याहत्तर काचा अपिलात सुटतील. खरी तूटफूट आहे, पुरावा तारीखवार आहे.

भाऊ : शेवटची चार पानं फाडून दे ना. कुणाला कळणारे?

बहीण : गेली तर अख्खी जाईल.

सल्लागार : थांबा, तुमची खर्चाची बाजूही ऐका. मोठ्या वहीत त्या चाळीस काचा तुमच्याच अक्षरात मामांच्या नावावर आहेत. जाणूनबुजून खोटी नोंद. वही पुढे आली की दंड तुम्हालाही.

बहीण : किती?

सल्लागार : वीस हजार धरून चाला.

बहीण : भरीन. पावती माझ्या नावाची हवी.

भाऊ : मग नकोच देऊ! स्वतःचं नुकसान करून कशाला? उगाच...

बहीण : मायेने देत नाहीये रे. नऊ लाख भरलेस तर तू गावभर रडत फिरशील, ‘माझ्यावर अन्याय झाला.’ लोक हळहळतील. मला तुला हळहळ मिळू द्यायची नाहीये. तू भरायचंस ते तुझ्याच चाळीस काचांचं. रोज संध्याकाळी बाल्कनीत बसशील तेव्हा मोजता आल्या पाहिजेत.

सल्लागार : बाई गं!

बहीण : आणि अपिलाच्या अर्जात पहिला परिच्छेद मी सांगीन तो. ‘हिशोब माझ्या बहिणीने ठेवले. ते बरोबर होते. खोटी नोंद मी करायला लावली. तिला काढताना मी जे बोललो, ते खोटं होतं.’

भाऊ : हे कर कार्यालयाला काय करायचंय?

सल्लागार : खरं तर बरंच काही. वही विश्वासाची ठरली तरच काचा सुटतात. आणि वही विश्वासाची ठरायला ती लिहिणारी बाई विश्वासाची ठरली पाहिजे. सही इथे.

भाऊ : मेव्हण्याला एकदा विचारतो.

बहीण : विचार की. या वेळी कुणाला मारायला सांगतोय बघ.

भाऊ : ...पेन द्या.

(तीन महिन्यांनी. तेच टेबल, निकालाचा कागद मध्ये.)

सल्लागार : आता बेरीज. फुटलेल्या एकशे चौऱ्याहत्तर काचांवरचा कर माफ. न फुटलेल्या चाळीस काचांचा कर, व्याज आणि दंड, सव्वादोन लाख, भावाने भरले. खोट्या नोंदीचा दंड, वीस हजार, बहिणीने भरला. ही तुमची पावती, ताई. माझी फी दोघांनी निम्मी निम्मी. मामा मात्र सहीसलामत.

भाऊ : ताई, मेव्हण्याला मी घरी पाठवलं. खुर्ची रिकामीच आहे. येतेस?

बहीण : कारखान्यातून मला कालच बोलावणं आलं. तुझ्या अर्जाची नक्कल त्यांना मीच नेऊन दिली होती. सोमवारपासून त्यांचे हिशोब माझ्याकडे.

भाऊ : बरं झालं. पण... दुकानाचं सोड. आपलं दोघांचं काय?

बहीण : ते मामांनी नेलं.