प्रभूची खुर्ची

(कॅन्ससमधलं एक ख्रिस्ती कॉलेज. विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाचं घर, जेवणाची खोली. मंडळाच्या सत्तराव्या वर्षाचं जेवण अजून वाढायचंय. कोल्टन मंडळाचा अध्यक्ष, शेवटच्या वर्षाला. पाहुणे दोघं : नव्वदी ओलांडलेले ह्यूबर्ट आणि त्यांची लेक इव्हॉन.)

कोल्टन : तिथे नको, मॅडम. आमच्या संस्थापकांपैकी रॉलंड सर, त्यांच्या घरच्यांनी पाठवलंय तुम्हाला, तुमचा मान आहे. बाकी कुठेही बसवा वडलांना. त्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

इव्हॉन : का? मोडकी आहे?

कोल्टन : नाही हो. ती प्रभूची. पहिल्या दिवसापासून आहे. रोज जेवणाआधी आम्ही म्हणतो, ‘प्रभू, तुझी जागा राखलीय, ये.’

इव्हॉन : पहिल्या दिवसापासून? कुणी सांगितलं?

कोल्टन : आमचा इतिहासच आहे तो. तोंडपाठ झाल्याशिवाय मंडळात घेतच नाहीत. एकोणीसशे चोपन्न साली तीन मित्रांनी गुडघे टेकून...

इव्हॉन : तीन. ऐकलंत, डॅडी?

ह्यूबर्ट : ऐकलं. कान शाबूत आहेत माझे.

इव्हॉन : अरे, चार होते. चौथा हा तुझ्यासमोर काठी टेकून उभा आहे.

कोल्टन : काहीतरी गैरसमज होतोय, मॅडम. भिंतीवर फोटो आहे बघा, तिघांचाच.

इव्हॉन : तो नंतरचा. डीननं बजावलं, मंडळात काळा पोरगा असेल तर मान्यता मिळणार नाही. मग तुझ्या त्या तीन संतांनी काय केलं? आधी डोळे मिटून प्रार्थना केली आणि मग यांना काढायला हात वर केले. तिघांनीही. डॅडींच्या देखत.

ह्यूबर्ट : रॉलंडचा जरा उशिरा वर गेला.

इव्हॉन : घ्या अजून त्याचीच बाजू. तुमच्या या भलेपणानंच माझं डोकं फिरतं.

कोल्टन : मला हे कुणी कधीच सांगितलं नाही.

इव्हॉन : सांगायला तोंड होतं का त्यांना? बरं, खुर्चीवर ती काळी खूण आहे ना, तिला काय म्हणता तुम्ही?

कोल्टन : त्रिकोण. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आमचा बिल्लाही त्याच आकाराचा, हा बघा. पहिल्या प्रार्थनेनंतर ती खूण आपोआप उमटलेली दिसली म्हणतात.

ह्यूबर्ट : इस्त्री.

कोल्टन : काय?

ह्यूबर्ट : माझ्या आईची इस्त्री आहे ती, पोरा. गोऱ्या लोकांचे शर्ट इस्त्री करायची ती. एकदा घाईत तापलेली इस्त्री खुर्चीवर टेकवली, तो डाग. या घरात तेव्हा तीनच खुर्च्या होत्या आणि मी चौथा. म्हणून ही आणली, टोपेकाहून, बसमध्ये मांडीवर घेऊन. मला काढलं तेव्हा जाताना दोन्ही हातांत सामान होतं. हिच्यासाठी परत आलो तर दार उघडलं नाही.

इव्हॉन : पुढच्या वर्षी नवी पोरं विचारायला लागली, ही रिकामी खुर्ची कुणाची. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून ठोकून दिलं, प्रभूची. मरायच्या आधी रॉलंडनंच फोनवर कबूल केलं, रडत रडत. माझ्या आजीची खुर्ची तुम्ही पुजलीत आणि तिच्या पोराला दाराबाहेर ठेवलंत. सत्तर वर्षं.

कोल्टन : या वर्षीच्या पोरांना हा बिल्ला मीच लावला. हेच सगळं सांगून.

इव्हॉन : आणि आता काय सांगशील?

कोल्टन : ...सर, बसा तुम्ही. तुमचीच आहे. घरी न्यायची असेल तर मी स्वतः गाडीत नेऊन ठेवतो.

ह्यूबर्ट : ते मागाहून बघू. आधी टेकू दे. ...हं. तेव्हाही अशीच डुगडुगायची.

इव्हॉन : इथे ताट का नाही? बाकी सगळीकडे मांडलंय.

कोल्टन : या जागेवर मांडत नाहीत, मॅडम. तशी पद्धतच आहे.

इव्हॉन : रोज त्याला जेवायला बोलावता आणि ताट मांडत नाही. येणार नाही याची अगदी खात्रीच होती म्हणायची.

ह्यूबर्ट : पुरे आता, इव्हॉन. पोरा, प्रार्थना तू नेहमीचीच म्हण. फक्त एक ताट आण. भूक लागलीय मला.