ट्रे बाहेर आला म्हंजे झालं

धनेंद्र : कोरी! पूर्ण कोरी निघाली मॅडम, तुमच्या सेंटरची डिस्क. नागपूरच्या डॉक्टरनं आईसमोरच लावून पाहिली. "काय आणलं हे?" म्हणे.

रविता : दाखवा. नंदाबाई... हो, डोक्याचा स्कॅन. सोमवारी मीच दिली होती.

धनेंद्र : ऑपरेशनची तारीख गेली ना! आता उद्या सकाळी स्कॅन दाखवला तरच शुक्रवारी घेतो म्हणे, नाई तर पुढचा महिना. तिकडं तिले उलट्या होऊन राहिल्या, अन् तुमी कोरी डिस्क देता? पाहून काऊन नाई दिली?

रविता : डिस्क लिहून कॉम्प्युटरचा ट्रे बाहेर आला म्हंजे झालं. सहा वर्षं असंच करून राहिलो आमी. नाव लिहितो, देतो. एक वापस नाई आली. ह्या भुपेंद्रले विचारा! कॉम्प्युटर हाच पाहते. आठ दिवसांआधी यानं माझे अधिकार काढले.

भुपेंद्र : काढणारच ना! ॲडमिनचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवला होता तुम्ही. झाडूवालीलाही पाठ होता. वायरसनं दोन दिवस सेंटर बंद पडलं, भूल गये क्या?

रविता : आपल्या सेंटरच्या डॉक्टरसाहेबाच्या साळ्यानं कॉम्प्युटरवर पिक्चर टाकला म्हून आला तो वायरस! त्याले कोनी काही म्हटलं? चोर सोडून संन्याशाला फाशी!

धनेंद्र : तुमच्या भांडणाचं मले काय करायचं? डिस्क कोरी कायले निघाली, ते सांगा.

भुपेंद्र : भैया, डिस्क लिहिताना डाटाची धार तुटायला नको. डिस्क लिहिणाऱ्या प्रोग्रामला अधिकार असला तर तो बाकीची कामं थांबवून ठेवतो. मॅडमच्या अधिकारांसोबत त्याचाही गेला, मध्येच अँटीवायरस सुरू झाला, धार तुटली.

धनेंद्र : अन् त्या प्रोग्रामनं सांगतलं नाई?

भुपेंद्र : सांगितलं असेल. कोपऱ्यात, इंग्लिशमध्ये. ट्रे तर तसाही बाहेर येतो.

रविता : तुले माहीत होतं हे?

भुपेंद्र : अधिकार काढल्यावर एक डिस्क लिहून पाहायची होती. नाही पाहिली. कुडवा गावात दुसरं काम होतं, निघून गेलो. गलती माझी आहे. आता फक्त त्या प्रोग्रामला अधिकार देतो. तुम्हाला नाही.

रविता : म्हंजे मशीनवर भरोसा, माह्यावर नाई!

भुपेंद्र : दोघांवरही नाही. प्रत्येक डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहायची, मगच द्यायची.

रविता : अन् बाहेर पेशंटची लाइन लागते, ते?

धनेंद्र : लागू द्या ना लाइन! बिमार माणसाले नागपूरपावतर नेऊन रडवण्यापेक्षा लाइन बरी.

(नवी डिस्क लिहून होते. रविता ती शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडते.)

रविता : या जी, पाहा. सगळे फोटो आले.

धनेंद्र : मॅडम... हे पांढरं, हीच गाठ होय का?

रविता : मी फक्त फोटो काढतो जी. डॉक्टर सांगतील.

धनेंद्र : आई म्हणे, बोराएवढी असन. ही तर मोठी दिसते.

रविता : बसा थोडं. पानी देऊ?

धनेंद्र : नाई, द्या. गाडीची वेळ झाली. आईले सांगन, डिस्क बरोबर निघाली.